पिशवीतला हात

या जगात पूर्णपणे निर्मळ असं काहीही नाही, हे ज्यांना मनापासून पटलेलं आहे अशी माणसं दोनच प्रकारची असतात. एक संत आणि दुसरे माझे साडू. संतांशी माझा परिचय पुस्तकांपुरताच असल्यामुळे त्यांच्याबद्दल मी खात्रीने काही सांगू शकत नाही. साडूंना मात्र मी एकतीस वर्षं ओळखतो. संतांनी हे ज्ञान झाल्यावर संसार सोडला. साडूंनी एक पातळ प्लास्टिकची पिशवी घडी करून खिशात ठेवायला सुरुवात केली.

पिशवीचं सांगतो, पण आधी माणूस सांगायला हवा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नागपुरात मानेवाड्यात आमची घरं दोन गल्ल्या सोडून. माझ्यापेक्षा ते बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना 'भाऊ' म्हणतो आणि अहोजाहो करतो. ते मला 'मास्तर' म्हणतात आणि अरेतुरे करतात. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे, म्हणजे मेलेल्या लोकांनी स्वतःबद्दल जे लिहून ठेवलं ते न तपासता मुलांना वाचून दाखवत असे, असं त्यांचं मत. त्यांची स्वतःची नोकरी तपासण्याचीच होती. सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत बत्तीस वर्षं ते नमुने तपासत. ट्रकमधून घमेलंभर कोळसा काढायचा, कुटायचा, चाळायचा, त्यातला चिमूटभर भट्टीत जाळायचा आणि मागे राख किती उरली ते तोलायचं. कोळशात कोळसा किती आहे हे कोणीही सांगेल. कोळशात कोळसा नसलेलं काय काय घुसवलं आहे हे सांगण्याचा त्यांना पगार होता. काळा दगड आणि काळा कोळसा ते न पाहता, नुसते हातात घेऊन वेगळे करत, आणि हे मी स्वतः पाहिलेलं आहे. बत्तीस वर्षं असं केल्यावर माणूस निवृत्त होतो, त्याचा हात होत नाही. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, वाढलेल्या वरणाकडेही ते क्षणभर असे पाहत की यात राख किती निघेल याचा अंदाज चालला असावा.

संशय घेण्यात त्यांनी कधी आपपरभाव ठेवला नाही. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानाकडून वाचायला घेत, कारण पहिल्या पानावर आपण जे पाहावं असं दुसऱ्याला वाटतं तेच असतं. संत्री घेताना चमकणारी बाजूला सारत आणि ज्याला स्वतःच्या दिसण्याची फिकीर नाही असं एखादं डागाळलेलं उचलत. दूधवाल्याशी त्यांचं वीस वर्षं सख्य होतं, तरी त्याच्यासमोरच दुधाचा थेंब नखावर घेऊन तिरपा करत. दूधवालाही न रागावता थांबायचा आणि विचारायचा, "पास झालो का भाऊ?" त्यावर साडू म्हणायचे, "आजच्यापुरता."

अशा माणसाच्या हाती आयुष्याच्या उत्तरार्धात क्ले लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं आणि नसतं तरी माझं काही अडलं नव्हतं. क्ले म्हणजे साबणाच्या वडीएवढा, मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा मऊ, निळा गोळा. गाडी कितीही धुतली तरी तिच्या रंगात बारीक कण रुतून बसलेले असतात: रेल्वेच्या रुळांवरून उडणारा लोखंडाचा भुगा, कारखान्यांच्या धुराड्यांची राख, झाडाचा चीक, शेजाऱ्याने फाटक रंगवताना उडालेले थेंब. रंगावर साबणाचं पाणी शिंपडून हा गोळा हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवला की तो ते कण उपटून स्वतःच्या पोटात घेतो. सुरुवातीला बारीक खरखर ऐकू येते, मग ती थांबते, आणि थांबली की तेवढा भाग झाला. गोळा मळला की कणकेसारखा दुमडायचा, आतली स्वच्छ बाजू वर आणायची आणि पुढे सरकायचं. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीला मोबाइलवरच्या चित्रफितींतले लोक 'डिकॉन्टॅमिनेशन' म्हणतात आणि हातमोजे घालून, मागे संगीत लावून, शस्त्रक्रियेच्या गांभीर्याने ती करून दाखवतात. साडूंनी अशा चित्रफिती शेकड्यांनी पाहिल्या, पण आवाज बंद करून. "तोंड विकून राहिलं असते मास्तर," ते मला म्हणाले, "हात पाहायचा. हाताले खोटं बोलता येत नाही." या शेवटच्या वाक्यावर मी तेव्हा विचार केला नाही. पुढे करावा लागला.

आता पिशवी. रंगात कण आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसत नाही, उघड्या हातालाही धड कळत नाही. हात पातळ पिशवीत घालून रंगावरून फिरवला तर मात्र जे मघाशी लोण्यासारखं लागलं तेच पत्र्यावर रवा सांडल्यासारखं लागतं. हे खरं आहे. मी करून पाहिलं आहे, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर आमचा फ्रिजही मला पूर्वीसारखा वाटेनासा झाला. साडूंना तर या शोधाने जणू निवृत्ती रद्द करून कामावर परत बोलावलं. ते जातील तिथे पिशवी जाऊ लागली. माझ्या पुतणीच्या लग्नात, लॉनच्या फाटकाशी, नवरामुलाच्या वडिलांनी फुलांनी मढवलेली कोरी गाडी उभी केली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती दाखवत होते. साडूंनी नमस्कार केला, पिशवी काढली, हात घातला, झेंडूच्या माळेखाली सरकवला आणि डोळे मिटले. माळेखालून हात बाहेर आला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं. "गाडी नवी आहे जी," ते व्याह्यांना म्हणाले, "पण कोरी नाही. लई दिवस यार्डात उभी होती." व्याह्यांचं त्यानंतर पंगतीत लक्ष लागलं नाही. दोनदा ते हात धुवायच्या निमित्ताने गाडीपर्यंत जाऊन आले, आणि दुसऱ्या खेपेला त्यांच्या हातात वाढप्याकडून मागून घेतलेली पिशवी होती.

त्यांची स्वतःची गाडी अकरा वर्षांची, गडद निळ्या रंगाची, छोटी. दर दोन-तीन महिन्यांनी तिला क्ले होई, आणि त्या सकाळी साडूंच्या घरी मुंज असल्यासारखं वातावरण असे. ऊन बॉनेटवर यायच्या आत काम आटोपायचं, कारण नागपूरच्या उन्हात पत्रा तापला की साबणाचं पाणी शिंपडताक्षणी वाळतं आणि क्ले चिकटतो. अंगठी, घड्याळ, कमरेचा पट्टा काढून ठेवायचा, म्हणजे गाडीला धातू लागणार नाही. त्यामुळे ते नाडीच्या पायजम्यात असत. दोन बादल्या, दोन पंचे, आणि बादल्या उचलायला मी. क्लेला हात लावायची मला परवानगी नव्हती. "तुहा हात कागदाचा आहे," एवढंच कारण. आणि सगळ्या नियमांच्या वर एक नियम होता: खाली पडलेला क्ले मेला. जमिनीवरची वाळू त्याला चिकटते आणि मग तो रंग साफ करत नाही, रंगावर नांगर फिरवतो. धुऊन घेणं नाही, खरवडून घेणं नाही. एकदा अगदी नवा गोळा वेष्टनातून काढता काढता त्यांच्या हातून निसटला. त्यांनी तो उचलला, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात ठेवला; टाकला नाही, ठेवला. ताई ओट्यावरून म्हणाल्या, "अहो, नवा होता नं तो. धुऊन घ्या की." साडू म्हणाले, "वाळू धुऊन निघत असती तं नदीत वाळू राहिली असती काय वं?" ताईंनी पदराला हात पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या की माझ्या कणकेला यांनी चाळीस वर्षांत एवढा मान दिला नाही.

मला हे सगळं थोतांड वाटत असे, आणि एखादी गोष्ट थोतांड वाटली की मी अधिक लक्षपूर्वक पाहतो, ही माझी खोड आहे. मी ताईंना एकदा विचारलंही, की या माणसाला झालंय तरी काय. ताई कांदा चिरत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही यांचे खाणीतले शर्ट धुतले नाहीत नं. पाणी पाचव्यांदाही काळंच निघायचं. कॉलर काळी, रुमाल काळा, उशीचा अभ्राही काळा. बत्तीस वर्षं. ही गाडी, घरातली एवढी एक वस्तू पहिल्या दिवसापासून स्वच्छ राहिली म्हणायची." कांद्यामुळे त्यांचे डोळे ओले होते. मी त्याचा वेगळा अर्थ काढला नाही.

गेल्या वर्षी गाडीच्या डाव्या बाजूला काही ना काही लागू लागलं. आधी आरसा भाजीच्या हातगाडीला घासला, दोष हातगाडीचा. मग डावा दरवाजा त्यांच्याच फाटकाच्या खांबाला घासला. खांब अकरा वर्षं तिथेच होता, पण साडूंनी टेप आणून अंतर मोजलं आणि गवंड्याने दुरुस्तीच्या वेळी खांब आत सरकवला असावा असा निष्कर्ष काढला. ताईंनी त्यांना डोळे तपासायला लावलं. धंतोलीत डॉक्टरांना तोटा नाही, एका रस्त्यावर चार-चार पाट्या. पण डोळा कोणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न होता. साडूंनी तो आपल्या पद्धतीने सोडवला. एका सकाळी मला बरोबर घेऊन ते धंतोलीत फिरले, आणि दवाखान्यांसमोर उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या गाड्यांवरून पिशवीतला हात फिरवत गेले. मी थोडं अंतर ठेवून, ओळख नसल्यासारखा चालत होतो. दोन वॉचमननी हटकलं. एकाला साडूंनी सांगितलं की तुमच्या डॉक्टरले घाई लई आहे, त्यांच्या बॉनेटवरून समजते. शेवटी एका जुन्या पांढऱ्या गाडीवर त्यांचा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही न अडखळता गेला. ते थांबले. "हा माणूस काळजीनं काम करते," ते म्हणाले. आणि आम्ही जिना चढलो.

त्या डॉक्टरांनी खरोखरच काळजीने काम केलं. दीड तास तपासून सांगितलं की काचबिंदू आहे आणि बराच पुढे गेलेला आहे. समोरचं दिसतं, ते थेंब नियमित घातले तर टिकेल. बाजूचं दिसणं गेलं आहे, ते परत येणार नाही. गाडी आजपासून बंद. एरवी साडूंनी अशा निदानाला तीन दवाखान्यांत आव्हान दिलं असतं. पण हा डॉक्टर त्यांनी स्वतः तपासून घेतला होता. त्याच्यावर संशय घ्यायचा तर आधी स्वतःच्या हातावर घ्यावा लागला असता. आम्ही जिना उतरू लागलो. डावीकडून वर येणाऱ्या एका बाईंना त्यांचा धक्का लागला, आणि या वेळी त्यांनी दोष कोणालाच दिला नाही.

आता गोष्ट गाडीची. गाडी चालवणार नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण त्यांची मुलगी पुण्याला असते आणि संशयाच्या बाबतीत ती वडिलांची वारस आहे. गाडी दारात उभी असली तर बाबा एक दिवस काढतीलच, असं ती फोनवर म्हणाली. तिचं चुकलं नाही. पुढच्याच आठवड्यात, बॅटरी उतरू नये एवढ्याच हेतूने, साडू पहाटे गाडी रिंग रोडपर्यंत नेऊन आले होते आणि इंजिन गरम लागल्यामुळे ताईंच्या हाती सापडले होते. मुलीने निर्णय दिला: गाडी विकायची. ती महिनाभराने रजा घेऊन येईल, येण्याआधी गिऱ्हाईक ठरवेल आणि व्यवहार करूनच परत जाईल. साडू फोनवर म्हणाले, "ठीक आहे." एकतीस वर्षांत ते कोणाच्याही पहिल्या शब्दाला ठीक आहे म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मी सावध झालो. त्यांची फक्त एक अट होती: गाडी मळकी देणार नाही. शेवटचा क्ले होईल, नीट, सावकाश, आणि मग जाईल.

तो क्ले महिनाभर चालला. एरवी अडीच तासांत होणारं काम. एका दिवशी एक दरवाजा, एका दिवशी अर्धं छत. एक दिवस ढग होते म्हणून नाही, एक दिवस शेजारी बांधकामाची वाळू पडली म्हणून नाही. मी रोज सकाळी बादल्या उचलायला जात होतो आणि माझ्या लक्षात येत होतं की हात पूर्वीपेक्षा हलका पडतो आहे, एकाच जागेवरून तीनतीनदा जातो आहे. खरखर कधीच थांबलेली असे, तरी ते ऐकत राहत. त्यांना गाडी जाऊ द्यायची नव्हती. हे मला कळत होतं, ताईंना कळत होतं, आणि त्यांनी ते एकदाही म्हटलं नाही.

मुलगी आली. गिऱ्हाईक ठरलेलंच होतं: नरखेडकडचे एक संत्रा बागाईतदार, रविवारी सकाळी दहाला येणार. रविवारी सकाळी साडेसहाला मी पोहोचलो तेव्हा सबंध गाडीचं फक्त बॉनेट उरलं होतं आणि सबंध साठ्यातला एकच गोळा. डिसेंबरातली थंडी, क्ले दगडासारखा. साडू तो हातात धरून बराच वेळ ऊब देत बसले. मग आतून ताईंनी डोळ्यांत थेंब घालायला हाक मारली, आणि ते एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते करून गेले. गोळा माझ्या तळहातावर ठेवला. "मळत राय," ते म्हणाले. "थंडा होऊ देऊ नको."

मी मळला. मी चांगला मळत होतो, असं मला वाटत होतं. हात साबणाच्या पाण्याने ओले होते. तिसऱ्या का चौथ्या वळणाला गोळा मधल्या मध्ये बोटांतून निसटला आणि शेजाऱ्याच्या बांधकामाची वाळू वाऱ्याने जिथे येऊन पसरली होती, बरोबर तिथे पडला. उचलला तेव्हा त्याच्यावर तीळ लावल्यासारखी वाळू होती.

सांगायला हवं होतं. पण दुसरा क्ले नव्हता, माणूस दहाला येणार होता, आणि खरं सांगायचं तर 'तुहा हात कागदाचा आहे' हे वाक्य आणखी एकतीस वर्षं ऐकायची माझी तयारी नव्हती. शिवाय या नियमावर माझा कधीच विश्वास नव्हता. एवढ्याशा वाळूने काय होतं, असं मी मनाशी म्हटलं. जमेल तेवढी वाळू मी नखाने काढली, उरलेली आत घालून गोळा दुमडला, वरची बाजू गुळगुळीत केली. साडू आले. मी गोळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सवयीने दोनदा दुमडला, म्हणजे मी आत घातलेलं सगळं वर आणलं. बॉनेटवर पाणी शिंपडलं, क्ले टेकवला आणि एक हात ओढला.

आवाज आला. मलासुद्धा ऐकू आला. पाटीवर पेन्सिल तिरपी ओढल्यासारखा.

साडू थांबले. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे हल्ली ते सगळी मान वळवून पाहतात तसं, एखाद्या नळीतून पाहावं तसं. मी बादलीकडे पाहत होतो. मग त्यांनी पुन्हा हात ओढला, पहिल्यापेक्षा दाबून. मग शेजारचा. महिनाभर जो हात फुलासारखा पडत होता तो आता पाट्यावर वरवंटा फिरावा तसा चालला होता, आणि वीस मिनिटांत, कुठेही न थांबता, त्यांनी सबंध बॉनेट पुरं केलं. मी मनाशी म्हटलं, वय झालं, हातही गेला. त्यात थोडं दुःख होतं आणि बरीचशी सुटका होती. शेजारच्या टाकीमागून ऊन आलं, आणि गडद निळ्या बॉनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, वहीत आखाव्या तशा सरळ, पांढऱ्या रेघा उजळल्या.

बागाईतदार वेळेवर आले. सावकाश बोलणारा, बारीक चणीचा गृहस्थ. गाडीभोवती एक फेरी मारून ते बॉनेटपाशी थांबले. मग त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि पत्र्याला ठिकठिकाणी लावून पाहू लागले. अपघात झालेल्या गाडीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की तिथे चुंबक धरत नाही. साडू त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मी ओळखत होतो. पिशवी बाळगणाऱ्याला चुंबक बाळगणारा भेटला होता. चुंबक सगळीकडे चिकटलं, आणि त्यामुळे बागाईतदारांचा संशय आणखीच वाढला.

"भाऊ, हे काहून घासलं?" त्यांनी विचारलं.

"साफ केलं," साडू म्हणाले.

"एवढं साफ कोणी करत नाही," बागाईतदार म्हणाले. "काही तं असन."

त्यांनी चहा घेतला, पोह्यांची तारीफ केली, यंदाच्या बहाराबद्दल दोन शब्द सांगितले आणि ते निघून गेले. गाडीचा विषय परत निघाला नाही.

मुलगी अंगणात आली. बॉनेट पाहून ती रागावली नाही. शांतपणे चौकशी करू लागली, आणि ते अधिक वाईट होतं. हे कोणी केलं, क्ले खाली पडला होता का, कोणाच्या हातून. लहानपणापासून ती नियम ऐकत आली होती, तिला ते चांगले माहीत होते. शेवटचा प्रश्न विचारताना ती माझ्याकडे वळली होती. माझं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात साडू म्हणाले, "माह्या हातून पडला. बाजूले पडला. मले बाजूचं दिसत नाही."

धंतोलीच्या जिन्यावरून उतरल्यापासून हे वाक्य त्यांनी कोणाहीसमोर उच्चारलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, ताई म्हणाल्या होत्या, मुलगी तर रोज म्हणत होती. ते स्वतः नाही. मुलीने एका रेघेवरून बोट फिरवलं. मग तिने वडिलांच्या हातातला ओला पंचा काढून घेतला आणि विनाकारण पिळला. "मग चालवणार नाही ना बाबा?" ती म्हणाली. "खरंच?"

"दिसतच नाही तं चालवू कसा?"

"राहू दे मग," ती म्हणाली. "उभी राहू दे." सोमवारी ती पुण्याला गेली. जाताना किल्ली मात्र तिने माझ्याकडे दिली. मला गाडी चालवता येत नाही, हे लक्षात घेऊनच दिली.

चारपाच दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा साडू अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी कबूल करायचं ठरवून गेलो होतो, वाक्यही जुळवून नेलं होतं. मी बसायच्या आत तेच म्हणाले, "वाळू होती नं त्यात?"

मी हो म्हटलं.

"पयल्याच हाताले समजलं मले."

मी विचारलं, मग तुम्ही थांबला का नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवलं. मग पुढे वाकून, ताईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "तू मुद्दाम टाकला, अन् मी थांबू? गाडी वाचवाले एवढं डोकं लावशीन तू, मले वाटलं नव्हतं गा मास्तर. कागदाचा हात म्हणत होतो मी तुले." आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

बत्तीस वर्षं ज्यांनी प्रत्येक ट्रकमागे एक डाव पाहिला, त्या माणसाने आयुष्यात एकदा डाव नव्हता तिथे डाव पाहिला होता, आणि त्याबद्दल तो माझा ऋणी होता. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं त्या पांढऱ्या गाडीवरून हात न अडखळता गेला तेव्हा होतं. मी तोंड मिटलं आणि म्हणालो, थंडी होती, गोळा पडायला सोपा गेला. ते हसले. मी काही काळ वाट पाहिली की आता ते पुन्हा मान वळवून माझ्याकडे पाहतील, माझं वाक्य नखावर घेऊन तिरपं करतील. त्यांनी केलं नाही. मला ते बरं वाटलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी माझं एकही म्हणणं तपासल्याशिवाय घेतलं नव्हतं.

क्ले आता बंद झाला आहे. सकाळी कधी मी जातो तेव्हा ते पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवत असतात, रेघांच्या आडवा, अगदी सावकाश, डोळे मिटून. काय शोधता, असं मी विचारत नाही. रविवारी मी किल्ली नेतो, ते बसून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोरच्या भिंतीकडे पाहत. मी बाजूला बसतो. डावीकडे काय आहे ते त्यांना दिसत नाही, म्हणून कधीकधी मी सांगतो: मांजर आहे, खांब आहे. खांब तिथेच आहे का, असं ते विचारतात. मी हो म्हणतो.

वर्षभरात गाडी एकदाच फाटकाबाहेर गेली. पीयूसीची मुदत संपली होती. उभ्या गाडीलाही दंड करतील असा साडूंना संशय होता, म्हणून माझी बायको ती दोन चौक पलीकडच्या केंद्रापर्यंत चालवत घेऊन गेली आणि परत घेऊन आली. ते प्रमाणपत्र साडूंनी समोरच्या काचेला आतून चिकटवलं आहे. ही गाडी प्रदूषण करत नाही, असं त्यावर लिहिलेलं आहे.